दुखणं नेमकं कुठे थांबवायचं? : पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि नर्व्ह ब्लॉक



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. नर्व्ह ब्लॉकवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते पीएच.डी.चं. मला कुणी नाडी दाखवायला येत नाही, आणि येऊही नये. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते समजून घेण्यासाठी आहे. औषध कोणतं, किती आणि कुणाला, हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

तरीही हा विषय मी घेतला, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं असं की, तीस वर्षं मी वर्गात एक प्रश्न शिकवला : दुसऱ्याला दुखतंय हे मला कसं कळतं? दुसरं कारण घरचं आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या परवानगीनेच हे सांगतोय. परवानगी देताना तिने एक अट घातली : "मला सोशिक म्हणायचं नाही." ही अट तिने का घातली, ते शेवटी कळेल.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपण 'नस' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतो. सलाईन लावायला शोधतात ती नस म्हणजे रक्तवाहिनी. 'मानेची नस दबली' म्हणतो ती मज्जातंतू. नर्व्ह ब्लॉकचा संबंध या दुसऱ्या नसेशी आहे. रक्त वाहून नेणारं काही त्यात बंद करत नाहीत. आमच्या शेजारच्या काकू घाबरल्या होत्या त्या याच घोटाळ्यामुळे. त्यांना वाटलं, "नस ब्लॉक म्हणजे हार्टचं ब्लॉकेज असतं तसलं काहीतरी!"

आता पोटाकडे येऊ. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुखतं ते दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पोटाची भिंत : कातडी, स्नायू, आणि आतून लागलेलं पातळ अस्तर. तिथे चिरलेलं असतं, टाके असतात. हे दुखणं नेमकं असतं. बोट ठेवून दाखवता येतं, हललं की चमकतं, खोकलं की जीव जातो. दुसरं दुखणं आतल्या अवयवांचं. आतड्याची गंमत अशी की त्याला चिरलेलं फारसं कळत नाही, पण ताणलेलं, फुगलेलं, पिळलेलं कळतं. हे दुखणं बोटाने दाखवता येत नाही. आपण पोटावर सगळा तळवा फिरवतो आणि म्हणतो, "इथे कुठेतरी."

मराठीने हा भेद फार पूर्वी ओळखलेला आहे. जखम ठणकते, चुरचुरते, तिच्यातून चमक निघते. पोटात मात्र कळ येते, मुरडा येतो, पीळ पडतो, गोळा उठतो. जखमेत गोळा उठत नाही आणि आतडं चुरचुरत नाही. शरीरात या दोन दुखण्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. भिंतीचं दुखणं बरगड्यांखालून पुढे येणाऱ्या मज्जातंतूंमधून मज्जारज्जूकडे जातं. आतल्या अवयवांचं दुखणं स्वायत्त मज्जासंस्थेच्या वाटांनी जातं. हे लक्षात ठेवा, पुढे याची गरज लागणार आहे.

दुखण्याची वाट असते ही कल्पना जुनी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा माणसाच्या शरीरावरचा एक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली प्रसिद्ध झाला. त्यातलं एक चित्र प्रसिद्ध आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोरा गेलाय. विस्तवाने दोरा ओढला जातो आणि वर घंटा वाजते. देऊळ डोक्यात, दोरी पायात! पुढे १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी दाखवलं की प्रकरण इतकं सरळ नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असतं. खालून येणारा संदेश किती आत सोडायचा हे तिथे ठरतं, आणि त्यात वरून मेंदूही ढवळाढवळ करतो. लहान मुलाला लागलं की आई चोळते, फुंकर घालते आणि बरं वाटतं. ते निव्वळ मनाचे खेळ नाहीत.

पण देकार्त पूर्ण चुकला नव्हता. दोरा आहे. आणि दोरा आहे म्हटल्यावर तो मध्येच धरून ठेवता येईल का, असा प्रश्न येतोच. नर्व्ह ब्लॉक म्हणजे तेच.

कसं धरून ठेवतात? दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ आठवा. एक फटाका पुढच्याला पेटवतो, तो त्याच्या पुढच्याला. मज्जातंतूतला संदेश काहीसा असाच जातो. तंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. एका ठिकाणची उघडली की पुढची उघडतात, असं करत संदेश मज्जारज्जूपर्यंत पोचतो. आता माळेचा मधला वीतभर भाग ओला केला तर? अलीकडे कितीही तडतड होऊ दे, पलीकडे काही जाणार नाही. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधं ती सोडियमची दारं बंद ठेवतात. दात काढताना डॉक्टर हिरडीत टोचतात ते याच घराण्यातलं. फरक एवढाच की आपली माळ जळून जात नाही. रक्त हळूहळू औषध वाहून नेतं, दारं पुन्हा उघडू लागतात, आणि तंतू पूर्वीसारखा काम करतो.

या घराण्याचा मूळपुरुष कोकेन. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर होतो हे दाखवलं. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअरने मणक्यात कोकेन देऊन पाय बधिर केले. ते नेमकं कसं लागतं हे कळावं म्हणून त्याने आणि त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. सहायकाच्या नडगीवर हातोडीचे टोले घातले, सिगार टेकवली, आणि तो म्हणाला, दुखत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. डोळ्यांसमोर घाव पडत असताना बीअरला त्याला विचारावंच लागलं, "दुखतंय का?" दुखण्याची दुसरी साक्ष त्यालाही मिळाली नाही.

पोटाच्या भिंतीकडे परत येऊ. पोटाच्या बाजूला तीन स्नायूंचे थर एकावर एक असतात. त्यातल्या आतल्या दोन थरांच्या फटीतून भिंतीचे मज्जातंतू पुढे सरकतात. या फटीत औषध सोडण्याच्या पद्धतीला 'टॅप ब्लॉक' म्हणतात. तिचं पहिलं वर्णन २००१ सालचं आहे. तेव्हा सुई नुसत्या हाताच्या अंदाजाने घालत. पुढच्या काही वर्षांत सोनोग्राफी आली आणि सुईचं टोक पडद्यावर दिसू लागलं.

हे मला समजलं ते पोळीवरून. घडीची पोळी तव्यावर टाकली की वाफेने तिचे पदर सुटतात. भूलतज्ज्ञ सुईने आधी थोडं पाणी सोडून बघतात. सुई बरोबर जागी असेल तर पडद्यावर दोन स्नायूंचे पदर असेच अलग होतात आणि मध्ये एक काळी फट पसरत जाते. मग तिथे औषध. चीर पोटाच्या मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंना द्यावं लागतं, कारण तंतू दोन्हीकडून येतात. चीर कुठे आहे त्याप्रमाणे जागा बदलते. बेंबीच्या वर एक, खाली दुसरी, कधी पुढच्या उभ्या स्नायूच्या खोळीत, कधी पाठीच्या बाजूने.

जाता जाता एक स्थानिक गोष्ट सांगतो. आपल्याकडे सोनोग्राफी यंत्र म्हटलं की भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आलीच. १९९४ च्या कायद्याने या यंत्रांची नोंदणी बंधनकारक आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर ती पाटी पाहून माझी पत्नी मला म्हणाली, "या वयात मला हे वाचायला लावतायत!"

आता मर्यादा सांगतो, कारण अर्धवट आशा वाईट. मघाशी म्हटलं, दुखण्याच्या दोन वाटा आहेत. टॅप ब्लॉकने भिंतीची वाट बंद होते, आतल्या अवयवांची होत नाही. म्हणून ब्लॉक दिलाय म्हणजे काहीच दुखणार नाही, असं नाही. आतली कळ राहते. त्यासाठी पॅरासिटामॉलसारखी औषधं, आणि लागेल तेव्हा मॉर्फिनच्या जातीचं औषध द्यावं लागतं. ब्लॉकचा फायदा असा की मॉर्फिन कमी लागतं. मॉर्फिन वाईट औषध नव्हे. पण त्याने मळमळ होते, गुंगी येते, श्वास मंदावू शकतो आणि आतडी सुस्तावतात. आतड्याचीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची आतडी लवकर हलायला हवी असतात. दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून शस्त्रक्रिया झाली असेल तर ब्लॉकचा फायदा कमी दिसतो, कारण भिंतीला इजाच कमी झालेली असते.

दुसरा मार्ग एपिड्युरलचा. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध देत राहतात. मोठ्या, उघड्या शस्त्रक्रियेत तो जास्त प्रभावी ठरतो, आतलं दुखणंही बरंच आवरतो. पण त्याने रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होऊ शकतात, लघवी अडू शकते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मणक्यात रक्त साचण्याचा धोका असतो. हा धोका विरळा, पण गंभीर. माझ्या पत्नीला हृदयासाठी अशी गोळी चालू होती आणि ती पुरेशी आधी थांबवता आली नव्हती. म्हणून तिच्यासाठी टॅप ब्लॉक निवडला.

ब्लॉकलाही धोके आहेत. चुकून औषध रक्तवाहिनीत गेलं किंवा मात्रा जास्त झाली तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूसारखी चव येते, कानात गुंजतं. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. हे क्वचित होतं. म्हणूनच मात्रा वजनावर ठरवतात आणि देताना सगळी यंत्रं लावलेली असतात. यावर एक उतारा आहे : शिरेतून देण्याचं पांढरं, दुधासारखं स्निग्ध द्रावण. पोषणासाठी वापरतात तेच. त्याचा हा उपयोग १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आला.

आता लोकांच्या दोन गैरसमजांबद्दल. पहिला, 'नस जाळणं'. स्वादुपिंडाच्या कर्करोगात दुखणं फार असेल तर पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर अल्कोहोल टोचून ते जाळं निकामी करतात. तो उपचार वेगळा, रोगाच्या दुखण्यासाठीचा. शस्त्रक्रियेनंतरच्या टॅप ब्लॉकमध्ये काहीही जाळत नाहीत.

दुसरा समज : ब्लॉक दिला की कर्करोग परत येत नाही. ही आशा शास्त्रज्ञांनाही होती. स्तनाच्या कर्करोगात ती तपासली गेली. २,१०८ स्त्रियांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पाठीजवळ ब्लॉक देऊन आणि नेहमीची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांत रोग परतण्याचं प्रमाण सारखंच निघालं. मात्र २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेला, सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चीर घेण्याआधी गाठीच्याच भोवती लिग्नोकेन टोचलं होतं. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८६.६ टक्के होतं, न टोचलेल्यांत ८२.६ टक्के. हे महत्त्वाचं आहे. पण ते स्तनाच्या गाठीबद्दल आहे आणि औषध देण्याची जागाही वेगळी आहे. पोटाच्या ब्लॉकला ते चिकटवू नका. ब्लॉक घ्यायचा तो दुखू नये म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

पुरेसं आहे का? मला आधी तसं वाटत नव्हतं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ आल्या, तरुण मुलगी. मी परीक्षकासारखे प्रश्न विचारले. "दुखणं लपवलं तर आतलं काही बिघडलेलं कळणार कसं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, ताप, नाडी, रक्तदाब, पोटाचा फुगवटा, ड्रेनमधून काय येतंय, हे सगळं आम्ही बघतोच. आणि ब्लॉकमधूनही जे दुखेल, ते आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं." मी पुढचा प्रश्न काढणार तोच ही म्हणाली, "पोट माझं आहे. सही मी करते."

जाताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाचा असर साधारण मध्यरात्रीच्या सुमाराला उतरेल. दुखायला लागायची वाट बघू नका. आधीच सिस्टरना सांगा. आणि मॅडमनाही हे सांगून ठेवा." मी मान डोलावली.

शस्त्रक्रिया दुपारी एकला संपली. संध्याकाळी ती बोलत होती, दीर्घ श्वास घेत होती. त्या तीन चेंडूंच्या फुंकणीत दोन चेंडू वर गेले. मी खूश. तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, आता बरी आहे, उगाच कशाला घाबरवायचं? आणि खुर्चीत झोपलो.

रात्री दोनला असर उतरला. सिस्टर आल्या, विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" ती म्हणाली, "चार." तिला वाटलं, आता असंच दुखणार, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना जास्त त्रास आहे, सिस्टर एकट्या आहेत. पहाटेपर्यंत ती वरवरचा श्वास घेत, अंग न हलवता पडून होती. सकाळी एकही चेंडू हलेना. खोकता येईना. दुसऱ्या दिवशी ताप आला. फुप्फुसाच्या खालच्या भागात कफ साठून संसर्ग झाला होता. चार दिवस मुक्काम वाढला. पुढे सगळं ठीक झालं, ते तुम्ही तिसऱ्या रांगेत बघताच आहात.

संसर्गाला इतरही कारणं असू शकतात, डॉक्टर तसं म्हणाले. पण माझा हिशेब मला ठाऊक आहे. दुसऱ्याचं दुखणं कसं कळतं यावर तीस वर्षं व्याख्यानं दिलेला माणूस हातभर अंतरावर घोरत होता. आणि जी एक गोष्ट सांगायची जबाबदारी होती, ती त्याने सांगितली नव्हती.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने वेदनेची व्याख्या १९७९ मध्ये केली आणि २०२० मध्ये सुधारली. तिचा आशय असा : वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव आहे. सोबतच्या टिपांत म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा, आणि बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नये. आपला 'वेदना' शब्द 'विद्' धातूचा, 'वेद'ही त्याच धातूचा. जाणणं. पण जाणतो तो एकटा, आणि त्याने बोलल्याशिवाय इतरांपर्यंत ते पोचत नाही.

इथे आपली संस्कृती आड येते. सोसणं हा आपण गुण मानतो, बायकांच्या बाबतीत तर दागिना. "फार सोशिक हो", हे आपण कौतुकाने म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर हा गुण घातक ठरतो. न दुखता खोकता येणं, श्वास भरून घेता येणं, उठून चार पावलं चालता येणं, हे उपचारच आहेत. त्याने फुप्फुसं मोकळी राहतात, पायात गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. जो सोसतो तो यातलं काहीच करत नाही. आता तिची अट कळली असेल.

एक गोष्ट मात्र ब्लॉकच्या आवाक्याबाहेरची. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवंय का? सुमारे तीन-चतुर्थांश जण नको म्हणाले. बीचरने कारण लावलं ते असं : त्यांच्यासाठी जखमेचा अर्थ होता, रणांगणातून सुटका. कर्करोगाच्या रुग्णाच्या टाक्यांचा अर्थ उलटा असतो : सगळं निघालं का? रिपोर्ट काय येईल? ती धास्ती दुखणं वाढवते, आणि तिच्यावर सुई चालत नाही. तिथे शेजारी जागं असलेलं माणूस लागतं.

म्हणून घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना चार गोष्टी विचारा. ब्लॉक किंवा एपिड्युरल यातलं काय देणार आणि का? रक्त पातळ करणारी कोणती गोळी, कोणती ॲलर्जी आहे, ते आपणहून सांगा. असर किती वाजता उतरेल, आणि उतरण्याआधी पुढचं औषध कोणतं? रात्री दुखलं तर कुणाला सांगायचं? उत्तरं कागदावर लिहा. आणि तो कागद खिशात ठेवू नका, रुग्णाला वाचून दाखवा. आकडा विचारला तर खरा सांगायचा. खोकताना सात दुखत असेल तर सातच सांगायचं.

मी तो कागद लिहिला नव्हता. एवढंच सांगायला आज आलो होतो.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला तरी माझी तयारी आहे.